आडवी असताना ठीक, उभी राहिले की अंधारी

२०२१च्या दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला. ऑक्सिजन उतरला नाही, दाखल व्हावं लागलं नाही, ताप गेला, तोंडाला चवही आली. पण अंथरुणातून उठून उभी राहिले की छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गळायचे आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. आडवी झाले की पुन्हा बरं. घरात सगळ्यांचं एकच मत, अशक्तपणा आहे. सासूबाईंनी मायेने डिंकाचे लाडू केले, ते खाल्ले. तरी एका सकाळी गरम पाण्याने अंघोळ करून उठताना भोवळ येऊन पडलेच.

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि ज्याला त्रास होतोय तो आणखी एकटा पडतो. ‘टेन्शन घेऊ नका’ हे ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की सगळं मनाचंच असेल.

पॉट्सचं, म्हणजे उभं राहिलं की नाडी अवाजवी वाढण्याच्या त्रासाचं, निदान झालं ते साध्या बीपीच्या यंत्रावर. एका एमडी डॉक्टरांनी मला आधी थोडा वेळ शांत निजवलं आणि बीपी, नाडी घेतली. मग उभं केलं. भिंतीला टेकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. डॉक्टर मध्येमध्ये मोजत राहिले. झोपून ७६ असलेली नाडी दहा मिनिटांच्या आत १२०च्या वर गेली, बीपी मात्र जवळपास तेवढंच. माझी पावलं जांभळट झाली होती, ती त्यांनी मला दाखवली. मला रडूच आलं. जे महिनोन्महिने सांगत होते, ते कागदावर आकड्यांत उतरलं होतं.

उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी शिरा लगेच आवळतात आणि ते वर ढकललं जातं. आजारपणानंतर काहींच्या नसांचं हे काम बिघडतं, मग हृदय वेग वाढवून भरपाई करतं. बीपी न पडता मोठ्या माणसाची नाडी ३०ने किंवा त्याहून जास्त वाढत असेल आणि हा त्रास महिनोन्महिने चालला असेल, तर पॉट्सचा विचार करतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २०ने किंवा खालचं १०ने पडलं, तर तो वेगळा प्रकार, त्याचे उपायही थोडे वेगळे.

मला औषधाआधी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, दोन पेले पाणी. दिवसभर मीठ घातलेलं ताक, लिंबूसरबत. (बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये.) कमरेपर्यंतचे घट्ट मोजे एप्रिलच्या उकाड्यात नकोसे व्हायचे, पण घातले की फरक कळायचा. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. आरतीला उभं राहायचं तर पायांची कैची करून मांड्या आवळायच्या. व्यायाम मात्र आडव्यानेच सुरू केला, पाठीवर निजून पाय उचलायचे. चालायला घाई केली की दोन दिवस अंथरूण धरावं लागायचं.

आता पोळ्या उभ्याने लाटते. लोकलमध्ये तासभर उभं राहणं अजून जमत नाही. कुणाला असंच होत असेल तर दवाखान्यात स्पष्ट सांगा, माझं बीपी आणि नाडी आधी झोपून मोजा, मग उभं करून मोजा.