भट्टीचे तास आणि दोन श्रावण

२०२३ च्या जुलैत पुण्याच्या डेपोतून फोन आला. "मॅडम, अनारशाचं पीठ संपलंय, दुकानदार ओरडतायत. आणि उपवासाची भाजणी पाठवू नका, पेट्या ठेवायला जागा नाही."

अधिक श्रावण १८ जुलैला लागला होता. धोंड्याचा महिना, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे दिवस. आम्ही मात्र आदल्या वर्षीचा ऑगस्ट उघडला होता, त्यात बारा टक्के वाढवले होते आणि उपवासाची भाजणी काढून ठेवली होती. २०२२ मध्ये श्रावण २९ जुलैला सुरू झाला, म्हणून माल जुलैच्या मध्यात डेपोत. २०२३ मध्ये निज श्रावण लागला १७ ऑगस्टला. श्रावणी सोमवार निज श्रावणात धरायचे, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला घरी माहीत होतं. प्लॅनच्या शीटमध्ये ते कोणी लिहिलं नव्हतं.

मी सांगलीजवळ भाजणी आणि तयार पिठं करणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंग बघते. नऊ वर्षं झाली. अनारशाच्या पिठाला घाई चालत नाही. तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग निथळायचा, सुकवायचा आणि ओलसर असतानाच दळायचा. त्यात पावसाळा. डेपोचा फोन आला त्या दिवशी तांदूळ भिजत घातला असता तरी पाकीट पुण्यात पोचायला दहा दिवस लागले असते, आणि पाकिटांची छापील फिल्म तर शिल्लकच नव्हती. तिला आमच्याकडे महिना लागतो.

त्याच वर्षी दिवाळीत तोच प्रकार पुन्हा घडला. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ चं १२ नोव्हेंबरला. सेल्सचं ऑक्टोबरचं टार्गेट मात्र आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरवरून ठरलेलं. ते गाठायला महिनाअखेरीस स्कीम लावून चकलीची भाजणी वितरकांच्या गळ्यात घातली. त्यासाठी सप्टेंबरभर भट्टीवरच्या लोकांनी ओव्हरटाइम केला. दिवाळी संपल्यावर तो माल परत यायला लागला. पेट्या फोडून तारखा बघणाऱ्या बायकांमध्ये मीही बसले होते. चांगल्या धान्याचं, चांगल्या भाजणीचं पीठ बाजूला काढताना फार वाईट वाटलं.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग, म्हणजे एस अँड ओपी, सुरू केलं. ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत डिक लिंग यांनी मांडली आणि मोठ्या कंपन्यांत ती आता रुळलेली आहे. दर महिन्याला ठरल्या क्रमाने बसायचं: आधी मागणी, मग ती पुरवता येईल का ते, मग दोन्हींचा पैशात हिशोब, आणि शेवटी मालकांसमोर निर्णय. वाचायला सोपं आहे. आमच्या पहिल्या दोन बैठका वाया गेल्या, कारण सेल्स लाखांत बोलत होतं, प्रॉडक्शन टनांत आणि अकाउंट्स मार्जिनमध्ये. प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी बरोबर होता आणि ते एकमेकांना कुठेच भेटत नव्हते.

भेटले ते भट्टीवर. आमच्याकडे दोन रोस्टर, म्हणजे धान्य भाजायची यंत्रं, आहेत; कारखान्यात सगळे त्यांना भट्टीच म्हणतात. थालीपिठाची, चकलीची, उपवासाची, कुठलीही भाजणी असो, तिथूनच जाते. दोन भट्ट्या, सोळा तास, पंचवीस दिवस: महिन्याला ८०० तास. त्यातून धुण्याचा वेळ वजा. थालीपिठाच्या भाजणीवरून उपवासाच्या भाजणीवर जायचं तर एक भट्टी सहा तास बंद राहते. ज्वारीचा किंवा हरभरा डाळीचा एक दाणा राहिलेला चालत नाही, कारण पाकीट घेणारी बाई आमच्या शब्दावर उपवास करते. ते सहा तास कमी करा असं बैठकीत कोणी सुचवलं, तर मी आजही ठाम नाही म्हणते.

मग मी सेल्सचा सगळा अंदाज भट्टीच्या तासांत मांडला. त्याआधी सेहेचाळीस पाकिटांची पाच कुळं केली. अर्धा किलोचं पाकीट किती जाईल हा अंदाज चुकतो, पण चकलीच्या भाजणीचा एकूण अंदाज तेवढा चुकत नाही. एका पाकिटातली चूक दुसऱ्यात भरून निघते. वर्षाचं ठरवताना कुळं पुरतात, पाकिटांचं महिनाभर आधी बघता येतं. असं मांडल्यावर त्या वर्षीच्या सप्टेंबरची मागणी निघाली १,०१० तास. हातात ८००. पडद्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि खोलीतला वाद थांबला. सेल्सचे साहेब म्हणाले, "म्हणजे दरवर्षी आम्ही भांडत होतो ते या दोनशे दहा तासांसाठी?" हो, त्यासाठीच.

त्यावर तोड निघाली भट्टीवरच्या मामांकडून. पुरवठ्याच्या बैठकीला फक्त मॅनेजर बसायचे; मी हट्ट धरून मामांना बोलावलं. पुढच्या वेळी ते दोन स्टीलचे डबे घेऊन आले. एकात सहा आठवड्यांपूर्वी दळलेली भाजणी, दुसऱ्यात त्याच घाण्यातलं न दळलेलं, नुसतं भाजलेलं धान्य. दोन्ही डबे त्यांनी साहेबांपुढे उघडले. "वास घ्या." पिठाला किंचित जुनाट वास यायला लागला होता. धान्य मात्र अजून खमंग होतं, दाताखाली कुरकुरीत. मामा म्हणाले, "पीठ झालं की खवट व्हायला लागतं. भाजून पिंपात बंद करून ठेवा, लागेल तसं दळा. चक्की तर निम्मा दिवस मोकळीच असते."

आम्ही जुलै-ऑगस्टच्या रिकाम्या तासांत चकलीचं धान्य भाजून ठेवायला लागलो. नवी भट्टी घ्यायचा विषय अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दोन वर्षं पुढे ढकलला.

दुसरी गोष्ट वहीची. लाल कापडी बांधणीचं साधं रजिस्टर. मागणीच्या बैठकीत दर आकड्यापुढे तो देणाऱ्याने कारण लिहायचं आणि महिना संपला की शेजारच्या रकान्यात खरं काय झालं ते मी लिहायचं. सगळं कॉम्प्युटरवर असताना वही कशाला, असं विचारलं गेलं. पण हाताने कारण लिहायला लागलं की माणूस थांबतो. "गेल्या वर्षीपेक्षा पंधरा टक्के जास्त" हे टाइप होतं, "का?" यापुढे पेन अडतं.

सहा महिन्यांनी वही चाळताना दिसलं, की नागपूरचा आकडा दर महिन्याला प्रत्यक्षापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त असतो. कधी जास्त, कधी कमी असा नव्हे, कायम जास्तच. तिथल्या मॅनेजरांना मी एकटीने फोन केला. ते आधी टाळत होते, मग म्हणाले, "ताई, दोन वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात तीन आठवडे तुम्ही आम्हाला माल दिला नव्हता. तेव्हापासून मी शंभर हवे असले की एकशे वीस मागतो. म्हणजे काटछाट होऊन शंभर तरी येतात." त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. तो माल आम्ही जवळच्या डेपोंना आधी वाटला होता. पुढच्या बैठकीत ठरलं, की नागपूरला तीन आठवड्यांचा साठा कायम राहील आणि तो कमी झाला तर पहिली गाडी तिकडे जाईल. चौथ्या महिन्यात त्यांचा आकडा आपोआप खाली आला. फुगवलेल्या अंदाजावर सॉफ्टवेअर विकणारे बरेच येतात, पण अविश्वासाने फुगलेला आकडा विश्वास बसल्यावरच उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच बैठकीत टार्गेट आणि अंदाज वेगळे केले. टार्गेट म्हणजे काय व्हावंसं वाटतं, अंदाज म्हणजे काय होईल. आणि वितरकाला किती गेलं यापेक्षा वितरकाकडून दुकानात किती गेलं ते बघायला लागलो. ती माहिती मिळवायला वर्ष लागलं, अजूनही पाचेक वितरक क्लोजिंग स्टॉक, म्हणजे महिनाअखेरीस उरलेला माल, वेळेवर कळवत नाहीत.

तारखा ठरलेल्या आहेत: तीन तारखेला आकडे, आठला मागणी, तेराला पुरवठा, सतराला अकाउंट्स, एकवीसला अण्णांची बैठक. शेवटच्या बैठकीत फक्त निर्णय घ्यायचे, चर्चा आधीच झालेली असते. सुरुवातीला अण्णा मध्येच फोन घेऊन बाहेर जायचे आणि निर्णय लटकायचे. मी त्यांना सरळ सांगितलं, "अण्णा, तुम्ही नसाल तर बैठक दुसऱ्या दिवशी घेऊ, पण तुमच्याशिवाय नको." तेव्हापासून ते पूर्ण वेळ बसतात. प्लॅन पुढच्या अठरा महिन्यांचा असतो, आणि त्याच्या वरच्या ओळीत इंग्रजी महिन्यांखाली पंचांगाचे महिने असतात.

त्या ओळीमुळेच हे वर्ष आम्हाला २०२४ च्या शेवटीच दिसलं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढचं सगळं सरकतं: श्रावण १३ ऑगस्टला, गणपती १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी तेच २१ ऑक्टोबरला होतं. या वेळचं ऑक्टोबरचं टार्गेट सेल्सने स्वतःहून खाली आणलं आणि फरक नोव्हेंबरात टाकला. अनारशाच्या पिठाची फिल्म जानेवारीतच आली, तांदूळ फेब्रुवारीत घेतला. काळजी उन्हाची आहे. अनारशाचं गुळाचं पीठ मेच्या उकाड्यात दुकानाच्या फळीवर किती टिकेल यावर गेल्या बैठकीत तासभर गेला, आणि माल तीन हप्त्यांत पाठवायचं ठरलं.

नागपूरच्या मॅनेजरांनी या वेळी वहीसाठी आपली ओळ फोटो काढून पाठवली. मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली: "नेहमीच्या अडीचपट. कारण: एवढ्या उन्हात घरी तांदूळ भिजवून-दळून कोणी करणार नाही, तयार पीठ घेतील. पण मेअखेरपर्यंत बायका-पोरं सुट्टीला गावी असतात. निम्मा माल १ जूननंतर पाठवा."

त्यांचे दोन्ही हप्ते तसेच लावले आहेत.