निर्मळचा झावळ्यांचा रविवार

भाईंदर मागे टाकून लोकल खाडीच्या पुलावर आली, तेव्हा नुकते उजाडले होते. डब्यात जेमतेम दहा-बारा माणसे होती, त्यांतल्या दोघींच्या पिशव्यांतून नारळाच्या कोवळ्या झावळ्या डोकावत होत्या आणि त्यांच्याकडे पाहूनच आपण बरोबर दिवशी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, निघालो आहोत, अशी माझी खात्री पटली. मी मूळचा अहिल्यानगरचा. आमच्या तोंडी ते अजून नगरच आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनने तेथे काम सुरू केले आणि त्याच परंपरेतल्या प्रॉटेस्टंट मंडळीत मी वाढलो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिगीते टाळ-मृदंगावर म्हणणे ही आमची उपासना. त्या टिळकांचा जन्म मात्र कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्या नात्याने कोकण मला परके वाटायला नको होते. तरीही वसईकडच्या कॅथलिक मित्राने बोलावले, तेव्हा मनात थोडा संकोच होताच.

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेकडे रिक्षाने निघालो. अशोकाच्या काळातले बंदर असलेले सोपारा हेच, पण आज स्टेशनबाहेर त्याची आठवण करून देणारे काही नाही. आहेत त्या इमारती, दुकाने आणि पुन्हा इमारती. पुढे केळीच्या बागा आणि पानमळे लागले आणि निर्मळ आले. येथे तलावाजवळ शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे, कार्तिकात त्याची मोठी यात्रा भरते आणि त्याच गावात पवित्र क्रूसाचे चर्च आहे. माझा मित्र या शेजाराचे वर्णन करताना ‘सलोखा’ हा शब्द वापरत नाही. यात्रेच्या दिवसांत रस्ता अडतो म्हणून चर्चला यायला उशीर होतो आणि चर्चच्या सणाला गाड्या लावायला जागा मिळत नाही म्हणून इतरांची पंचाईत होते, एवढेच तो सांगतो. भाषणातल्या सलोख्यापेक्षा ही तक्रार मला अधिक खरी वाटली.

मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, सुरुवात चर्चच्या बाहेरच झाली. धर्मगुरूंनी झावळ्यांवर पवित्र पाणी शिंपडले आणि ‘होसान्ना’ गात मिरवणूक आत गेली. माझ्यापुढे वसईतल्या सामवेदी समाजातल्या, लाल लुगडे नेसलेल्या दोन वृद्ध स्त्रिया होत्या, तर मागे कानातला इअरफोन घाईने खिशात टाकणारा एक तरुण. आत बसायला जागा उरली नव्हती. मग येशूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला गेला आणि त्या वाचनाची रीत मला नवी होती. येशूचे शब्द धर्मगुरू वाचत होते, निवेदन एक शिक्षिका करीत होती, पिलाताचे आणि पेत्राचे शब्द एका तिसऱ्या वाचकाकडे होते आणि जमावाचे शब्द बाकांवर बसलेल्या आम्हा सर्वांकडे. ‘त्याला क्रूसावर खिळा’ हे वाक्य आमच्याकडे पाळक वाचतात आणि आम्ही ते ऐकतो. येथे ते मला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले. पहिल्या वेळी मी पुटपुटलो. दुसऱ्या वेळी शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा इतक्या जोरात म्हणाला की मलाही आवाज काढावा लागला. येशूने प्राण सोडल्याचे वाक्य आले, तेव्हा सारे चर्च गुडघ्यांवर आले आणि पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, स्वीकारायला रांगा लागल्या, तेव्हा मी बाकावरच बसून राहिलो, कारण कॅथलिक नसलेल्याला ते सहसा दिले जात नाही. मी एकटाच मागे उरलो आणि लोक गुडघे वळवून माझ्यासमोरून जात राहिले. नियम मला माहीत होता, त्यामागची भूमिकाही माहीत होती. तरी ते बोचले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मित्राच्या आईने दुपारी जेवताना सांगितले की तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. वेदीवर काय चालले आहे ते कळत नसे, म्हणून बायका तेवढ्या वेळात जपमाळ ओढत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतरच्या वर्षांत, मराठी आली. ‘‘समजायला लागलं आणि पंचाईत झाली,’’ काकू हसत म्हणाल्या, ‘‘प्रवचनात आपल्यालाच बोलतायत हे कळू लागलं.’’ बायबलचे सुबोध मराठी भाषांतर करणारे आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच परिसरातले. त्यांच्या लेखनापेक्षाही काकूंना हरित वसईच्या आंदोलनातले फादर अधिक आठवतात, कारण त्या स्वतः त्या मोर्चात चालल्या होत्या. विहिरीचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ नये, हे मागणे प्रार्थनेत शोभते की नाही, यावर तेव्हा घराघरांत वाद झाले होते.

जेवणानंतर मित्राने वाडीतले बावखल दाखवले. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणाऱ्या या तळ्यांवर येथली बागायत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. शेजारचे बावखल बुजले आहे आणि त्या जागेवर लग्नासाठी भाड्याने द्यायचे मैदान तयार झाले आहे. माझ्या मित्राचा राग बिल्डरांवर कमी आणि स्वतःच्या भाऊबंदांवर जास्त आहे. जमीन विकून आलेला पैसा चार दिवसांच्या लग्नात, बँडमध्ये आणि दारूत जातो, उरलेल्यासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो आणि रविवारी दोघेही एकाच रांगेत उभे राहतात, हे त्याने एका दमात सांगितले. 1918 साली याच समाजातल्या एका धर्मगुरूंनी, मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी, लोकांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी कॅथलिक सहकारी बँक उभी केली, ती आजही चालते. मात्र आता कर्ज काढून लग्न करायचे असते, असे तो कडवटपणे म्हणाला. मला तो जरा एकांगी वाटला, कारण त्याच सकाळी चर्चच्या दारात उपवासकाळात वाचवलेल्या पैशांची पाकिटे देणारी माणसे मी पाहिली होती.

मित्राची बहीण धर्मग्रामातली, म्हणजे या चर्चच्या हद्दीतली, प्रापंचिक सेविका आहे. सेवा म्हणजे रविवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर पोहोचवणे. तिच्याबरोबर मीही निघालो. गळ्यात दोरीने बांधलेली छोटी गोल डबी, हातात एक झावळी. मला वाटले होते, एखाद्या जुन्या कौलारू घरी जाऊ. गेलो ते स्टेशनकडच्या नव्या संकुलात, अकराव्या मजल्यावर. खाली वॉचमनच्या वहीत ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना होता. तिने दर रविवारप्रमाणे ‘भेट’ असे लिहिले.

आजी खाटेवर होत्या. त्यांची मुले परदेशी असतात, घराची एक किल्ली शेजारच्या फ्लॅटमधल्या साताऱ्याच्या वहिनींकडे असते. त्या वहिनींनी आधीच येऊन टेबलावर धुतलेले पांढरे कापड अंथरले होते, मेणबत्ती लावली होती आणि पेलाभर पाणी ठेवले होते. टीव्ही बंद करून, डोक्यावर पदर घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मीही त्यांच्याजवळच उभा राहिलो. आजींनी ‘आमेन’ म्हटले, पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटून पडून राहिल्या. गेल्या वर्षीची वाळलेली झावळी क्रूसामागून काढून बहिणीने पिशवीत ठेवली, कारण तिची राख पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची असते, आणि नवी तेथे खोवली.

‘‘पुढच्या रविवारी याच वेळी ना?’’ वहिनींनी हळूच विचारले.

‘‘नाही, पुढच्या रविवारी ईस्टर आहे. जरा उशिराच येईन.’’

‘‘मग मी बाजाराला जाऊन येते. उशीर झालाच, तर किल्ली वॉचमनकडे ठेवीन.’’