सालीची नक्कल सोडली, आता हाताच्या चालीवर काम चालू आहे

तर अपडेट. मागच्या वेळी झाडाच्या सालीची टाइल अर्धवट होती, ती झाली एकदाची, आणि ती झाल्यामुळेच सगळ्या प्रोजेक्टची दिशा फिरलीये, त्यामुळे आज जरा लांबण लागणार.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: निसर्गातल्या गोष्टींना हात लावला की नक्की काय जाणवतं आणि ते हाताने बनवलेल्या वस्तूंमधून परत जाणवून देता येतं का, एवढाच हा खेळ आहे. थ्रीडी प्रिंटर नाही, लेझर कटर नाही. माती, प्लास्टर, भुसा, कापड, तार आणि एक अर्डुइनो (सेन्सर आणि मोटरी चालवणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड).

आधी टाइल. गळून पडलेल्या सालीच्या तुकड्यावर टाल्कम पावडर भुरभुरवायची, मऊ माती दाबून बसवायची, मग सोलून काढायची की उलटा ठसा तयार, त्यात प्लास्टर ओतायचं. माती सोलताना भेगांच्या दिशेने सोला, आडवी ओढली की भेगांच्या कडा मातीबरोबर लोळतात आणि सगळी मजा जाते. आणि कृपा करून जिवंत खोडावर माती थापू नका, त्या भेगांमध्ये कोळी, मुंग्या, शेवाळ, बरंच कोण कोण राहत असतं.

प्लास्टरची टाइल दिसायला हुबेहूब झाली, फोटोत तर ओळखू येणार नाही. पण डोळे मिटून तळवा ठेवला की सरळ फरशी! आकार सगळा बरोबर, भेगा बरोबर, खरखर बरोबर, तरी हात म्हणतो हे झाड नाही. कारण साधं आहे. खोली, साल, प्लास्टर सगळं एकाच तापमानाला असतं, पण आपल्याला जो गारवा जाणवतो तो वस्तूच्या तापमानापेक्षा आपल्या कातडीतून उष्णता किती वेगाने निघून जाते त्याचा असतो. सालीच्या बाहेरच्या थरात हवा भरलेल्या मेलेल्या पेशी असतात, त्या उष्णता हळू घेतात. प्लास्टर भराभर ओढून घेतं.

म्हणून प्लास्टरच्या टाइलवरून सिलिकॉनचा साचा काढला आणि त्यात बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून भरला. ज्यांना करून बघायचंय त्यांनी पातळ थर देत जा, सिलिकॉनमधून हवा लागत नाही, जाड भरलं तर आतून दिवसेंदिवस ओलंच राहतं. वाळताना कडा वर उचलल्या जातात, वर वजन ठेवा. बारीक भेगा बुजल्याच, डिटेल बघायला गेलं तर प्लास्टरच्या निम्मंही नाही. आणि तरीही डोळे मिटून दोन्ही हातात दिल्या की लोक भुशाचीच टाइल झाड म्हणून उचलतात. म्हणजे बारकावे हरले, ऊब जिंकली. मी इथे डिटेलच्या मागे लागणाऱ्या सगळ्यांना मुद्दाम डिवचतेय, मला माहितीये.

पण खरी गंमत पुढे आहे. टाइल टेबलवर ठेवली की प्रत्येक जण एका बोटाच्या टोकाने टोचून बघतो, मग उचलून उलटी करून बघतो, जसा काही दुकानातला नमुनाच. तीच टाइल मी एका फळीवर ठोकली आणि फळी भिंतीला छातीच्या उंचीवर उभी टेकवली. आता कुणीच टोचत नाही! अख्खा तळवा टेकवतात, बोटं पसरतात, आणि हात हळूच खाली ओढतात. टाइलमध्ये तिळभरही बदल नाही, फक्त उभी केली. सुसान लेडरमन आणि रोबर्टा क्लॅट्झकी यांनी 1987 साली हेच नीट मांडलं होतं की आपण काय शोधतोय त्यावर हाताची हालचाल ठरते, पोत हवा तर घासतो, कडकपणा हवा तर दाबतो, तापमान हवं तर नुसता हात ठेवतो, वजन हवं तर उचलतो. मग मला वाटलं की मी वस्तू बनवायच्याच कशाला, हालचाली बनवू ना. झाडाची नक्कल करून हातात देण्यापेक्षा हात झाडाकडे जातो तसा जाईल अशी मांडणी करायची.

आणि बारीक पोत तर हलल्याशिवाय कळतच नाही. बोट स्थिर ठेवलं की गुळगुळीत कागद आणि जरासा खरखरीत कागद यातला फरक जवळजवळ पुसला जातो, डेव्हिड कात्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हे 1925 मध्येच लिहून ठेवलंय. 2013 च्या एका स्वीडिश प्रयोगात तर बोट फिरवून लोकांनी फक्त 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या सपाट पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखल्या. बोटाखाली उठणारी थरथर वाचत असतो आपण.

यातूनच गवताचा ड्रम निघाला. हातावर, म्हणजे जिथे लव असते त्या कातडीत, सावकाश कुरवाळण्याला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू असतात, त्यांना साधारण सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर हा वेग सगळ्यात जास्त आवडतो. तळव्यावर हा प्रकार फारसा सापडत नाही, म्हणून ड्रमखाली पालथा हात ठेवायचा. 10 सेंटीमीटर व्यासाचा पुठ्ठ्याचा ड्रम, मिनिटाला 6 फेरे, म्हणजे पृष्ठभागावर वेग येतो सेकंदाला साधारण 3.1 सेंटीमीटर. पण वाळलेल्या गवताचे तुरे 4 सेंटीमीटर बाहेर आलेत, त्यामुळे टोकाचा वेग 5.6 च्या आसपास जातो, हा हिशोब विसरू नका, लांब तुरे लावले तर पट्ट्याबाहेर जाल. जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर मिनिटाला 5-6 फेऱ्यांचीच असते आणि मोह होतो, पण त्यातल्या बऱ्याच थेट घरातल्या विजेवर चालतात आणि खाली कुणाचा तरी उघडा हात आहे, तेव्हा नको. कमी व्होल्टची गिअर मोटर लावलीये. वेग दुप्पट-तिप्पट केला की तोच तुरा झुरळ चढल्यासारखा वाटतो, लोक हात झटकतात.

शेवाळाचं प्रोटोटाइप छोटंसं आहे. माणसाच्या कातडीत ओलावा ओळखणारा वेगळा रिसेप्टर (संवेदना टिपणारा भाग) नाही, गारवा आणि हलका स्पर्श जुळवून मेंदू ओलं ठरवतो. ॲल्युमिनियमचा पत्रा थोडासाच गार केला, दव धरेल इतका नाही, आणि वर मखमली कापड. टिश्यू दाबून बघितला, कोरडा ठणठणीत. तरी हात ठेवणारे ओलं आहे म्हणून बोटं चोळून बघतात. जोरात दाबलं की मात्र भ्रम मोडतो.

आता कुंडी, यात मी सध्या अडकलेय, चांगल्या अर्थाने. साधं पानाचं रोप, मातीत तांब्याची तार, अर्डुइनोच्या दोन पिनांमध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर, कपॅसिटिव्ह सेन्सिंगची (म्हणजे हात जवळ आला की विजेचा साठा बदलतो, तो मोजण्याची) नेहमीची मांडणी. पानाला हात लावला की आकडा उडी मारतो. 2012 मध्ये डिस्ने रिसर्चच्या बोटॅनिकस इंटरॲक्टिकस या प्रकल्पाने बऱ्याच फ्रिक्वेन्सी फिरवून देठाला नक्की कुठे हात लागलाय तेसुद्धा ओळखलं होतं, आपलं तेवढं नाही, हो किंवा नाही एवढंच. दोन गोष्टी लक्षात ठेवा: पाणी घातलं की बेसलाइन (हात न लावता येणारा आकडा) वर सरकते, त्यामुळे थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की स्पर्श धरायचा ती हद्द, पक्का आकडा न ठेवता फिरत्या सरासरीवर ठेवा. आणि बॅटरीवर टाकलं की ग्राउंड नसल्यामुळे संवेदनशीलता उतरते, परत जुळवायला लागतं.

दुसऱ्या हातात लाकडाचा गोटा असतो, तो रोपाच्या वतीने बोलतो अशी कल्पना. आधी त्यात फोनमधली नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर होती, ती काढून फेकली. तिची थरथर 200 हर्ट्झच्या आसपास, बोटाच्या कातडीत खोलवर असलेले मज्जातंतू तिथेच सगळ्यात तिखट असतात, त्यामुळे जाणवायला उत्तम, पण जाणवतं काय तर कुणाचा तरी कॉल आलाय. आता छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी मोटर) नमद्याचा मणी तळव्यावर हळूच दाबतो आणि सोडतो. बरंच बरं आहे.

पण रोपाची बाजू कोण बघणार? स्पर्श त्यालाही होतोच की. खोड रोज चोळलं तर बरीच रोपं बुटकी आणि जाड होतात, मार्क जॅफीने 1973 मध्ये याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं जिभेची परीक्षा बघणारं नाव दिलं. 1990 मध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपावर हार्मोन फवारून कुठली जनुकं जागी होतात ते बघत होते, तर नुसतं पाणी फवारलेल्या रोपांमध्येही तीच जनुकं अर्ध्या तासाच्या आत जागी झालेली दिसली, म्हणजे कारण औषध नव्हतं, फवाऱ्याचा धक्का होता. लाजाळूचं तर उघडंच दिसतं, पान मिटतं तेव्हा देठाच्या बुडाशी पेशींतलं पाणी निघून जातं, परत उघडेपर्यंत त्या पानाला ऊन कमी मिळतं. म्हणूनच लाजाळू या कुंडीत लावा असं सांगणाऱ्यांना माझा नकार आहे, मजा आपली आणि भुर्दंड तिचा.

तर कोडमध्ये आता मर्यादा घातलीये. ठराविक स्पर्श झाले की गोटा गप्प, पानाला कितीही हात लावा मणी हलत नाही, दुसऱ्या दिवशी काउंटर शून्यावर. बऱ्याच जणांना आधी वाटतं बिघडलं. म्हणून गोटा अचानक बंद होण्याऐवजी मणी प्रत्येक वेळी थोडा कमी दाबेल असं करून बघतेय, पण या स्वस्त सर्व्होला इतक्या बारीक पायऱ्या जमत नाहीत, किर्र किर्र करतो आणि मणी मध्येच अडकतो. सर्व्हो सोडून दोऱ्याने ओढणारी स्प्रिंग वापरायची का, की मोठा डिजिटल सर्व्हो घेऊन गोटाच जाड करायचा, यावर सध्या डोकं चालतंय. गोटा जाड झाला तर मुठीत मावणार नाही, त्यामुळे कल दोऱ्याकडे आहे. कुणी असलं काही केलं असेल तर दोरा कुठला वापरला तेवढं सांगा, कापसाचा ताणून सैल पडतोय.