शाकाहारी घरातली टर्की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न मला दर नोव्हेंबरात येतोच, कधी सांगलीहून वहिनींच्या फोनवर, कधी इथल्या मंडळाच्या दिवाळीत. "तुम्ही अंडंसुद्धा खात नाही, मग दरवर्षी टर्की कसल्या करत बसता? आणि हवीच असेल तर बाजारात तयार मिळते की!"

टर्की म्हणजे कोंबडीसारखा एक मोठा पक्षी, पण मी करते ती खायची नव्हे. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाला टेबलाच्या मधोमध मांडायची, भोपळ्याची आणि मक्याच्या सालांची.

आम्ही बोस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहायला आलो, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगला, शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर केली. आजींनी आमच्यासाठी मांसाचं पाणी न घालता वेगळे बटाटे केले होते. सगळं प्रेमानं चाललं होतं. मग ओव्हनमधून टर्की आली आणि सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं. जावयांनी सुरी घेतली, कुणाला पाय हवा, कुणाला छातीचा तुकडा, रस्सा घट्ट झाला की नाही, यावर अर्धा तास गेला. तेवढा वेळ आम्ही दोघं हसऱ्या चेहऱ्यानं बसून होतो. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण त्या घरच्या सणात माझाही हात कुठेतरी लागावा, असं मला तेव्हा फार वाटलं.

घरी येताना मावशीचं रुखवत आठवलं. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचं रुखवत मावशी करायची. सुपारीचे नवरा-नवरी, खोबऱ्याच्या वाट्यांचा पाळणा. तिचा एकच नियम होता: वस्तू जशी आहे तशी तिला कामाला लाव. सुपारीला डोकं चिकटवायचं नाही, सुपारीच डोकं झाली पाहिजे.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात भाजीच्या दुकानात शोभेच्या भोपळ्यांचा ढीग लागला होता. त्यात एक वाकड्या मानेचा दिसला आणि मला मावशीचंच बोलणं ऐकू आलं. पोट होतं, मान होती, वर देठाची चोचही होती. मला काहीच जोडायचं नव्हतं.

तेव्हापासून शरीर भोपळ्याचं. पिसारा मक्याच्या कणसांच्या वाळक्या सालांचा. मेक्सिकन वाणसामानाच्या दुकानात तामाले नावाच्या पदार्थासाठी त्याची पाकिटं मिळतात. सालं कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवली की कापडासारखी मऊ होतात. मग ती पिसाच्या आकारात कापायची, मधे बारीक तार ठेवून दुहेरी चिकटवायची आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवायची. दाबली नाहीत तर वाळताना गुंडाळी होते. टोकाला विटकरी रंग, त्याच्या आत एक काळी पट्टी. पिसं मोजून अठरा, कारण टर्कीच्या शेपटीत मोठी पिसं अठराच असतात. पिसारा फुलवतो तो नर, म्हणून माझा नेहमी नरच असतो.

नर हुबेहूब उतरायचा तर त्याच्या चोचीवरून खाली लोंबणारा लाल मांसल पट्टा हवा आणि छातीवर राठ केसांचा झुपका हवा. पट्ट्यासाठी मी लाल लोकर पिळून घेते. झुपक्यासाठी पहिल्या वर्षी काय काय करून पाहिलं, काहीच पटेना. शेवटी देवापुढे नारळ ठेवताना त्याची शेंडी हातात आली. आता इंडियन स्टोअरमध्ये नारळ घेताना मी आधी शेंडी बघते. मका आणि हे शोभेचे भोपळे मूळचे याच खंडाचे, टर्कीही इथलीच. आपल्याकडची म्हणून त्यात ती शेंडी तेवढी.

खरा पक्षी बघायला लांब जावं लागत नाही, आमच्या गल्लीतून रोज सहा-सात जण रस्ता ओलांडतात. पण हे नेहमीचं नव्हतं. जंगलतोडीनं आणि शिकारीनं १८५१ पर्यंत मॅसॅच्युसेट्समधली रानटर्की संपली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आणून इथल्या पश्चिमेकडच्या बर्कशर भागात सोडले, त्यांचा हा विस्तार. हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे जास्तच वेळ बघत उभी राहते.

पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या धरायला पाइनच्या बोंडांच्या लहान टर्की करते. तिथे मी एकदा सपशेल फसले. बोंडं धुतली आणि तशीच दमट असताना रंगीत पिसं चिकटवली. पाण्यानं बोंडाचे खवले मिटतात, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री घरातला हीटर लागला, खवले उघडले आणि सकाळी सगळी पिसं टेबलावर पडलेली. आता बोंडं आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर तासभर वाळवते. खवले पूर्ण उघडतात, आतले किडे मरतात, चीकही सुकतो. ओव्हनपाशी बसून मात्र राहायचं, उठायचं नाही.

विकतची का नाही, त्याचं उत्तर टोपीत आहे. दुकानातल्या पुष्कळ टर्कींच्या डोक्यावर इथे आलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांची काळी टोपी असते, काहींच्या डोक्याला मूळ रहिवाशांची म्हणून पिसांची पट्टी. या सणाचं मूळ मानतात त्या, १६२१ च्या इथल्याच प्लिमथ गावातल्या तीन दिवसांच्या जेवणाबद्दल एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याचं पत्र आहे. त्यात इथले मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली असं लिहिलंय. पुढे त्या लोकांची जमीन गेली, माणसं गेली. १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. एकाच्या घरातला शोक दुसऱ्याच्या टेबलावर गंमत म्हणून बसवणं मला जमत नाही. माझी टर्की म्हणजे गल्लीतला पक्षी, बाकी काही नाही.

मांडणीत दोनच गोष्टी जपते. उंची एका फुटाच्या आत, समोरच्याचे डोळे दिसले पाहिजेत. आणि वाळक्या सालांजवळ मेणबत्ती अजिबात नको. भोपळ्याला दाभणानं भोकं पाडून पिसं खोचायची ती बुधवारी रात्रीच, कारण साल फुटली की भोपळा चार दिवसांत सडायला लागतो.

आजी गेल्या वर्षी मुलीकडे ओहायोला राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, टर्की पाठवशील ना? भोपळा पोस्टानं पाठवण्यात अर्थ नाही, तो त्या तिकडेच घेतात. मी पिसं दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून पाठवते, सोबत शेंडीचा झुपका आणि एक दाभण. यंदाची सोळा झाली आहेत. दोन अजून पुस्तकाखाली आहेत.