मुळ्याचा नैवेद्य

सर्वपित्री अमावास्या, पुणे

गच्चीवर पान ठेवून आलो. कावळ्याचा पत्ता नाही. धाकट्या चुलतभावाने नेहमीचा प्रश्न टाकला, "हे सगळं करून मिळतं काय?" त्याच्या वयाची असताना मीही असंच विचारायचे. माझा सूर बदलला तो इथे नाही, टोकियोत.

बाबांची बदली झाली आणि ऐन आठवीत आम्ही निशिकासाईला राहायला गेलो. तिथे भारतीय कुटुंबं भरपूर, त्यामुळे कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळायचं. शाळा मात्र जपानी. पहिल्याच आठवड्यात माझ्या कानांवरून गहजब झाला. बाळपणीच टोचलेले कान, त्यात बारीकशा सोन्याच्या तारा; आपल्याकडे हा संस्कार. तिथे शाळकरी मुलीचे कान टोचलेले म्हणजे पोरगी हाताबाहेर गेलेली! आईने लांबलचक पत्र लिहिलं, तरी कानातलं काढावं लागलंच. मी धुमसत होते. पण वर्गातल्या एका मुलीचे केस जन्मतःच तपकिरी, तर तिलाही घरून तसं लिहून आणावं लागलं होतं. हे कळल्यावर जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जपानी शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांना ही बाजू सहसा माहीत नसते. त्याच शाळेत संडास मुलंच धुवायची आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही, हेही तितकंच खरं. पुण्यातल्या माझ्या शाळेत त्या कामाला मावशी होत्या. त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

जुलैच्या मध्यावर ओबोन, म्हणजे तिकडचा पितरांचा सण, आला. शेजारच्या आजींनी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून पितरांपुढे मांडले. काकडी हा घोडा, वांगं हा बैल. पितरांनी घोड्यावरून भरधाव घरी यावं आणि परतताना बैलावरून रमतगमत जावं! १३ तारखेला दारात काड्या पेटवून त्यांना बोलवायचं, १६ तारखेला पुन्हा पेटवून निरोप द्यायचा. म्हणजे पितर चांगले मुक्कामाला येतात. आमचे घास घेतात न घेतात तोच उडतात. मी मोडक्यातोडक्या जपानीत आपल्या कावळ्याचं सांगितलं, तर आजी डोळे मोठे करून बघतच राहिल्या. तिकडे कावळे कचरा उचकटतात म्हणून पिशव्यांवर जाळ्या टाकतात, आणि आम्ही त्यांना हाका मारून जेवायला बोलावतो!

त्याच आजींनी मला आसाकुसात सुमिदा नदीकाठच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात नेलं. तिथला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला आपला गणपती. मी मोदक शोधत होते, समोर मुळे. विकायला मुळे, देवापुढे मुळे, कोरीवकामातही एकमेकांत गुंतलेले मुळे. मूर्ती पडद्याआड, कुणालाच दाखवत नाहीत. वर हा देव भलताच कडक, नवस बोललात तर जपून, असं आजी अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या. आपल्याकडे ज्याच्या सोंडेवर पोरं लोंबकळतात, तो हा बाप्पा? मला थोडा रागच आला होता, आपलं काहीतरी कुणी परस्पर बदलल्यासारखा. पण तिथली माणसं शेकडो वर्षं त्याला तितक्याच भक्तीने हात जोडत आली आहेत, आमच्या परवानगीवाचून. सोसायटीच्या गणपतीत 'मूळची पद्धत अशीच' म्हणून वाद सुरू झाला की मी हल्ली प्रसादाच्या वाट्या भरायला उठते.

त्या संध्याकाळी पुण्यात आजीला फोन केला. मूर्ती दाखवत नाहीत, याचं तिला काहीच वाटलं नाही. तिची अडचण वेगळीच.

"मुळा शिजवून देतात की कच्चा?"

"कच्चाच."

"अगंबाई! वाताने पोट फुगेल ना त्याचं. सोबत ओवा तरी ठेवा म्हणावं."