एच-4 वर असताना डी अँझा कॉलेजात प्रवेश : माझा अनुभव

एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं आणि त्यासाठी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा करावा लागत नाही, हे अमेरिकेत येऊन बराच काळ झाला तरी मला कोणी सांगितलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोतलं डी अँझा कॉलेज आमच्या घरापासून जवळच. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे सर्वांसाठी खुलं असलेलं स्थानिक सरकारी कॉलेज असल्यामुळे तिथे गुणवत्ता यादी नाही, कटऑफ नाही; वय 18 पूर्ण असलं की कोणीही अर्ज करावा. माझं बी.कॉम. झालेलं, पुढे मुलांमुळे मोठा खंड पडलेला. कॅलिफोर्नियात सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा परवानाधारक लेखापाल) व्हायला अकाउंटिंगची ठराविक युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, लागतात आणि ती कम्युनिटी कॉलेजात घेतली तरी चालतात. एवढं कळल्यावर मी थांबले नाही.

ऑनलाइन अर्जाला पैसे पडत नाहीत आणि तो सोपा आहे. खरा घोळ रेसिडेन्सीचा. इथलं सत्र म्हणजे क्वार्टर, सेमिस्टरपेक्षा लहान; राज्याच्या रहिवाशाला एका क्वार्टर युनिटला 31 डॉलर फी, म्हणजे पाच युनिटचा विषय 155 डॉलरमध्ये. वरचे किरकोळ आकार वेगळे. रहिवासी नसाल तर कित्येक पट. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि वर एक दिवस कॅलिफोर्नियात राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे पुरावे द्यावे लागतात. आपल्या बायकांचं इथेच अडतं, कारण घराचा करार, वीज, इंटरनेट, सगळं नवऱ्याच्या नावावर. घरातल्या सगळ्या फायली जमिनीवर पसरून बसले, तेव्हा माझं नाव असलेले कागद निघाले ते एवढेच : दोघांचं एकत्र भरलेलं राज्याचं टॅक्स रिटर्न, जॉइंट खात्याची जुनी स्टेटमेंट्स आणि माझं ड्रायव्हिंग लायसन्स. खिडकीवरच्या बाईंनी एकेक कागद घेऊन नावाखाली आणि तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली, आणि माझं काम झालं. नव्याने आलेल्या मैत्रिणींना मी कळकळीने सांगते, आल्या आल्या एक तरी बिल स्वतःच्या नावावर करून घ्या.

मग वर्गात जागा मिळेना. फायनान्शियल अकाउंटिंगला वेटलिस्ट होती. अशा वेळी पहिल्या तासाला जाऊन बसायचंच. सरांनी हजेरी घेतली, जे आले नव्हते त्यांची नावं काढली आणि वेटलिस्टच्या क्रमाने अ‍ॅड कोड दिले. तो कोड मुदतीच्या आत पोर्टलवर टाकला की नाव वर्गात लागतं. मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसून फोनवरच टाकला.

क्वार्टर 12 आठवड्यांचा, त्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नसते. बघता बघता मिडटर्म येते. पण मदत भरपूर आहे. ट्युटरिंग फुकट असतं, काउन्सेलर बसून एज्युकेशन प्लॅन करून देतात, लायब्ररीत शांत कोपरे आहेत. वर्गात माझ्या एका बाजूला शाळेत शिकता शिकताच कॉलेजचे विषय घेणारा मुलगा, दुसरीकडे नोकरी सांभाळून येणारी व्हिएतनामी बाई. वयाचा संकोच पहिल्याच आठवड्यात गेला.

आवारही जीव लावणारं आहे. कॉलेज 1967 चं, पण मधोमध त्याहून जुना, द्राक्षमळ्याच्या मालकाचा वाडा आहे, ल पेती त्रियानो. त्यात आता कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. प्लॅनेटेरियम आहे, तिथे मुलांना घेऊन जाता येतं. 1984 च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सनी अ‍ॅपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक लोकांसमोर आणला, तो याच आवारातल्या फ्लिंट सेंटरमध्ये. ते सभागृह 2019 मध्ये बंद झालं.

आता पुढच्या भागाला नाव घातलं आहे. सीपीएला अकाउंटिंगची 24 सेमिस्टर युनिट्स लागतात, म्हणजे क्वार्टरच्या हिशेबाने 36, तेव्हा मजल अजून लांब आहे. शिवाय बी.कॉम. इथल्या कोणत्या शिक्षणाच्या बरोबरीचं धरायचं याचं मूल्यांकन करून घ्यायचं आहे आणि त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांची अधिकृत नोंद, विद्यापीठातूनच यावी लागते. भारतातून निघायच्या बेतात असाल, तर आपल्या विद्यापीठात ती मागवायची पद्धत काय आहे, कोणता अर्ज, किती फी, हे समक्ष जाऊन विचारून या. इथून फोनवर ते काम फार रेंगाळतं.