यूआयओ-६६ झालं रात्रीत, बीईटीनं काढला जीव

यूआयओ-६६ म्हणजे झिर्कोनियम आणि सेंद्रिय ॲसिडचा बारीक छिद्रांचा सांगाडा (एमओएफ). त्याची पावडर बनवणं हा यातला सोपा भाग. १२५ मिग्रॅ झिर्कोनियम क्लोराईड ५ मिली डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, द्रावक) आणि १ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मिसळा. त्यात १० मिली डीएमएफ आणि १२३ मिग्रॅ टेरेफ्थॅलिक ॲसिड घाला. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ८० अंशांवर रात्रभर. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ७.४ आणि ८.५ अंशांवर पीक दिसले की सांगाडा बसला. जळगावात रात्री लाइट जाते, म्हणून ओव्हन इन्व्हर्टरवर ठेवा.

छळ पुढे आहे. बीईटीचं, म्हणजे नायट्रोजन शोषणावरून पृष्ठफळ मोजण्याचं यंत्र पुण्यात, रांग लांबलचक. फॉर्मवर आम्ही स्पष्ट लिहिलं होतं: डिगॅसिंग (छिद्रांतलं द्रावक आणि पाणी काढणं) निर्वातात, १२० अंश, रात्रभर. तिकडे सगळ्यांना लावतात तेच लावलं, दोन तास. डीएमएफ उकळतो १५३ अंशांना, त्यात बारीक छिद्रांत अडकलेला. दोन तासांत तो कसला निघतोय! रिपोर्ट आला ग्रॅममागे ४०० चौरस मीटरच्या आत आणि वर शेरा, 'मटेरियल सच्छिद्र नाही'. निर्दोष यूआयओ-६६ला ग्रॅममागे साधारण १२०० मिळतात. या पद्धतीत ॲसिडमुळे काही लिंकर (झिर्कोनियमच्या गाठी जोडणारे टेरेफ्थॅलिक ॲसिडचे रेणू) गळतात, म्हणून त्याहूनही जास्त.

वजनही डिगॅसिंगच्या आधीचंच धरलेलं. म्हणजे अडकलेलं द्रावक आणि पाणीसुद्धा 'ग्रॅम'मध्ये मोजलं. वजन नंतरचंच हवं, हे फॉर्मवर लाल पेनानं लिहा. तिसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर ०.०५ ते ०.३० हीच सापेक्ष दाबाची पट्टी हिशोबाला घेतं. एवढ्या बारीक छिद्रांना ती चालत नाही, त्याखालचे बिंदू घ्यावे लागतात. बीईटी समीकरणातला सी स्थिरांक उणे आला तर पट्टी चुकली असं खुशाल समजा. नुसती पीडीएफ घेऊन गप्प बसू नका, आयसोथर्मची (कोणत्या दाबाला किती वायू शोषला त्या आलेखाची) मूळ फाइल मागून घ्या, हिशोब आपला आपण करता येतो.

पाठवण्याआधी पावडर डीएमएफनं धुऊन तीन दिवस इथेनॉलमध्ये ठेवा, रोज इथेनॉल बदला. मे महिन्यात झाकण सैल राहिलं तर सकाळी बाटली कोरडी मिळते. मग एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) काढा. १६६५ सेमी⁻¹च्या आसपास पट्टा दिसतोय तोवर डीएमएफ आत आहे, कुरियर करू नका.

दुसऱ्या खेपेला आकडा जागेवर आला. फी मात्र पुन्हा पूर्ण घेतली.

हो, झिर्कोनियम क्लोराईडचं राहिलंच. पावसाळ्यात बाटली उघडताच हवेतली ओल खाऊन ते धूर सोडतं. फ्यूमहूडमध्ये झटपट तोला, बाटली लगेच डेसिकेटरमध्ये.